वाढलेल्या चौदा विहिरी

मानोऱ्याहून पोहरादेवीकडे जाणाऱ्या वाटेवर, नाल्याच्या अलीकडे एक तांडा आहे. त्या तांड्यातला भाऊसिंग जन्मात कधी खोटं बोलला नाही. पण त्याचं खरं समजायला ऐकणारा माणूस इथलाच असावा लागे, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

धंदा त्याचा पाण्याचा. विहीर खणता खणता खडकाला भिडली आणि पाणी काही दिसेना, की लोक भाऊसिंगला बोलावणं धाडत. तो चार गडी, लाकडी तिपाई आणि गाडीभर लोखंडी नळ्या घेऊन येई, तळाला उतरे, एकेका जागी खडकाला कान लावी आणि मग हातानं बोर मारी. पाणी लागलं आणि मालकाची ऐपत असली, तर काठावर तेलाचं इंजिन आणि पंपही तोच बसवून देई. उंच, हडकुळा, डोक्याला विटका लाल पटका, कानात चांदीची बाळी. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, पण पंपाचा आवाज वाटेवरून ऐकून आत कुठला नट ढिला झालाय ते तो चालता चालता सांगे. त्याचं ऐकून मालकानं नट आवळला नाही, तर संध्याकाळी तोच मालक त्याच्या दारात येई.

आता आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. नारळ फोडण्याऐवजी वाढवतात आणि बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. भाऊसिंगच्या बापानं हाच न्याय विहिरीला लावला होता. बापही बोर मारायचा. त्याचं म्हणणं असं, की पाणी ऐकतं. ‘कोरडी’ हा शब्द विहिरीजवळ काढला, की आजूबाजूचे झरे तो ऐकतात आणि रुसून दुसऱ्याच्या वावरात निघून जातात. म्हणून बोर मारूनही पाणी लागलं नाही, तर भाऊसिंग वर येई, पटका सारखा करी आणि खालच्या मानेनं म्हणे, “वाढली.” मालक काय समजायचं ते समजे.

आणि पाणी लागलं तर? तर त्याचीही वाच्यता नाही, दृष्ट लागते. वर येऊन तो नुसता हात पुढे करी आणि म्हणे, “गूळ आणा.” मग गूळ वाटला जाई. असं करत करत पाणी लागो न लागो, पाण्याबद्दल एक अक्षर न बोलता या माणसानं सदतीस विहिरींची कामं केली. जऊळक्यापासून मानोऱ्यापर्यंत कुणालाही ‘भाऊसिंग काय म्हणाला?’ असं विचारलं आणि ‘गूळ’ असं उत्तर आलं, की लोक मोटेच्या बैलांना पेंड चारायला लागत.

सत्तावन्न साली आमचा भाग नुकताच मुंबई राज्यात गेला होता. नवं राज्य, नवे साहेब आणि नव्या साहेबांचे नवे नियम. त्यातला एक नियम मानोऱ्याच्या चावडीवर चिकटला. सरकारी कामावर विहिरीत बोर मारणाऱ्यानं आणि पंप बसवणाऱ्यानं यापुढं सरकारचं प्रमाणपत्र घ्यावं. अर्ज करावा, केलेल्या कामांची यादी द्यावी, परीक्षेला बसावं. एकूण अठरा कलमं होती. नियम वाईट नव्हता बरं का. त्याच्या आदल्याच साली कोण कुठला एक ठेकेदार तीन गावांत नुसत्या नळ्या उभ्या करून पसार झाला होता, आणि त्यातल्या एका गावात त्या नळ्यांना लोक अजून म्हशी बांधत.

भाऊसिंगला हे वाचून दाखवलं रतनलाल शेटनं. रतनलालचं मानोऱ्यात लोखंडी सामानाचं दुकान. नळ्या, पट्टे, वॉशर असं सगळं तो ठेवी. गोरापान जैन माणूस, मुंगीला वाट देऊन चालणारा, पण घासाघीस करायला बसला की गिऱ्हाइकाला घाम फुटावा.

“भाऊसिंग, हे सरटीफिकीट नाई भेटलं तं सरकारी कामाले तुले हात लावता येणार नाई,” रतनलाल म्हणाला. “अन् आता सारं काम सरकारीच होऊन राह्यलं.”

“मंग लिवा अर्ज,” भाऊसिंग म्हणाला आणि पायरीवर बसला.

दिवाळी होऊन तीन दिवस झाले होते. अर्जाची मुदत आठवड्याची. दुकानात लक्ष्मीपूजनाला पुजलेला नवा टाक, नवी दौत, दारावर झेंडूचं तोरण अजून ताजं. भाऊसिंग एकेक विहीर आठवून सांगे, रतनलाल गाव आणि मालकाचं नाव लिही. शेवटचा रकाना होता ‘परिणाम’.

“पह्यली, दौलतसिंगची. गूळ,” भाऊसिंग म्हणाला. “दुसरी, जऊळक्याच्या रामरावची. वाढली.”

रतनलालचा टाक थांबला. “इथं साफ लिहा लागते, भाऊसिंग.”

“मंग लिवा साफ.”

रतनलालनं टाकाकडे पाहिलं, तोरणाकडे पाहिलं. पूजेच्या टाकानं पहिल्याच आठवड्यात तसला शब्द लिहायचा? तोही चौदा वेळा? साऱ्या वर्षाचं काय होईल? “तू म्हन, म्या लिहितो,” तो म्हणाला.

“म्या कायले म्हनू? टाक तुमच्या हातात हाय.”

“तोंड तुह्यं हाय.”

मग रतनलालनं शाई झटकली आणि सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं, ‘वाढली’. तेवीस ठिकाणी ‘गूळ’, चौदा ठिकाणी ‘वाढली’. लिहून झाल्यावर दोघांनाही वाटलं की आपण सरकारला अगदी खरी माहिती दिली. आणि दिलीही होती.

परीक्षा पौषात, वाशीमच्या सरकारी बंगल्यात झाली. परीक्षक साहेब कोकणातले. वय पस्तिशीचं, चष्मा जाड, स्वभाव भला आणि नियमाला पक्का. त्यांच्या गावी हातभर उकरलं की पाणी लागतं, त्यामुळे इथल्या खडकाचं आणि इथल्या माणसांचं त्यांना भारी अप्रूप. परीक्षेला एकूण एकोणीस उमेदवार आले होते. साहेबांनी प्रत्येकापुढे एक बिघडलेला पंप ठेवला. अठरा जणांनी तो खोलला, पुसला, पुन्हा जोडला आणि तो पुन्हा चालला नाही. भाऊसिंगनं खोलला, आतलं चामड्याचं वॉशर उलटं बसलं होतं ते सुलटं केलं आणि म्हणाला, “हे मुद्दाम उलटं बसवलं कोनी तरी.” ते साहेबांनीच बसवलं होतं. साहेब खूश झाले आणि त्यांनी यादी पुढे ओढली.

“सदतीस विहिरी. पैकी चौदा वाढल्या?”

“व्हय साहेब. चौदा.” भाऊसिंगची मान खाली गेली.

“एवढ्या?”

“काय करता साहेब. खडकाच्या मनात असते ते. मानसाच्या हातात काय हाय?”

एवढं यश आणि असा विनय, साहेबांना वाटलं. त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. “मालक लोक काय म्हणाले?”

“काय म्हनतीन? जऊळक्याचा रामराव तं काठावरच बसला. त्याच्या डोळ्याले पानी आलं.”

साहेबांनाही जरा भरून आलं. “आणि अशा कामाची मजुरी काय घेता तुम्ही?”

“वाढल्यावर मजुरी?” भाऊसिंगला प्रश्नच विचित्र वाटला. “नाई घेत साहेब. कोन्या तोंडानं मांगू?”

साहेबांनी टाक खाली ठेवला. सरकारी नोकरीत दहा वर्षं काढून असा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. आता फक्त एक शंका उरली होती. तेवीस ठिकाणी हे ‘गूळ’ काय? त्यांनी विचार केला, लिहिणाऱ्याच्या हातून मधला ‘ढ’ राहिला असणार. गढूळ. म्हणजे तेवीस ठिकाणी पाणी गढूळ निघालं.

“आणि हे तेवीस ठिकाणी असं कसं?” त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं.

भाऊसिंगला वाचता येत नव्हतं, पण गुळाच्या विहिरी तेवीस, हे त्याला पाठ होतं. “तो रिवाजच हाय साहेब. पह्यल्या दिवशी असतेच.”

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले. नव्या बोराचं पाणी पहिल्या दिवशी गढूळ असतंच. आणि त्यांनी प्रमाणपत्रावर लिहिलं, ‘वर्ग पहिला’.

अख्ख्या भागात एकच प्रमाणपत्र निघालं आणि ते आमच्या भाऊसिंगला मिळालं. तांड्यात डफडी वाजली. त्याच्या बायकोनं, गोमतीबाईनं, ते प्रमाणपत्र ओढणीच्या पदरात धरून घरोघर नेऊन दाखवलं आणि कुणालाही हात लावू दिला नाही. भाऊसिंग रोज सकाळी ते उलटं-सुलटं करून बघे. शिक्का कुठल्या बाजूला आला म्हणजे ते सुलटं, हे त्याला ठाऊक झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एका कागदावर आपलं काहीतरी चांगलं लिहिलेलं आहे, या गोष्टीचा त्याला फार आनंद होता. तो आनंद तो लपवीत नसे.

फाल्गुनात पत्र आलं. रतनलालनं ते उघडलं, वाचलं, परत वाचलं आणि गादीवर मागे टेकला.

“काय म्हनते सरकार?” भाऊसिंगनं विचारलं.

“तुह्या तांड्याले एक तेलाचं इंजिन अन् पंप फुकट देऊन राह्यले. नमुना म्हनून. येत्या सोमवारी. अकोल्याचे मोठे साहेब चार वाजता पाहाले येतीन. बसवाचं तुवाच.”

“मंग तुमी असे काहून बसले शेटजी?”

“कारन ते बसवाचं हाय यादीतल्या नऊ नंबरच्या विहिरीवर.” रतनलालनं घाम पुसला. “हेमसिंगच्या. पत्रात लिहेल हाय का तिचं पानी वाढलं, म्हनून.”

हेमसिंगची विहीर वाढून आठ वर्षं झाली होती. तिच्या तळाशी तो कडबा ठेवी, आणि त्याच्या दोन कोंबड्या तिथं अंड्यावर बसत.

भाऊसिंगला तेव्हा कुठं उलगडलं, की साहेबांना सारं उलटं कळलंय. तांड्याला इंजिनाची गरज किती होती ते वेगळं सांगायला नको. प्यायचं पाणी नानीबाईच्या विहिरीला. विहीर खाली नाल्याजवळ, तांडा वर माळावर. बाया दिवसातून चार खेपा तो चढ डोक्यावर दोन दोन हंडे घेऊन चढत. गोमतीबाईचे गुडघे त्या चढानंच गेले होते. इंजिन नानीबाईच्या विहिरीवर बसलं असतं तर नळीनं पाणी वर आलं असतं. हेमसिंगच्या विहिरीवर बसलं तर कोंबड्यांना वारा लागला असता, एवढंच.

शिवाय रतनलालनं कलम अकरा वाचून दाखवलं. चुकीची माहिती देऊन प्रमाणपत्र मिळवलं असेल, तर ते जागच्या जागी जप्त.

संध्याकाळी तांड्यात ही गोष्ट निघाली. “चूप राह्य,” हेमसिंग म्हणाला. इंजिन आपल्या वावरात उभं राहणार, पाहुणे येऊन बघणार, एवढ्यावरच तो खूश होता. “आपन गाड्यानं पानी आनू. पन्नास पिपे ओतले का विहीर भरल्यावानी दिसते.”

“म्या सारी उमर विहिरीतून पानी काढलं,” भाऊसिंग म्हणाला. “आता ओतू का वरतून?” आणि तो उठून गेला.

सोमवारी सकाळीच परीक्षक साहेब आले. मागून बैलगाडीत हिरव्या रंगाचं इंजिन. तांडा झाडून सारा हेमसिंगच्या वावरात गोळा झाला. भाऊसिंग विहिरीपासून चार हात अलीकडे उभा. रात्रभर त्यानं ठरवलं होतं, की साहेबांना खरं सांगायचं. पण ते सांगायला एकच शब्द होता, आणि विहीर समोर होती.

“साहेब,” तो म्हणाला, “ही विहीर वाढली.”

“तेच तर बघायला आलोय.”

“तसं नाई साहेब. पार वाढली.”

“उत्तम.”

“साहेब, खालपासून वरपर्यंत वाढली. काहीच नाई राह्यलं वाढाचं.”

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मोठ्या उत्सुकतेनं काठावर गेले आणि खाली वाकले. खालून एक कोंबडी त्यांच्याकडे बघून ओरडली.

साहेब बराच वेळ तसेच वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा इंजिनापेक्षा हिरवा झाला होता. “भाऊसिंग, तुम्ही मला फसवलंत. प्रमाणपत्र काढा.”

भाऊसिंगनं छातीच्या खिशातून कागद काढला आणि दिला. आपल्याला कुणी खोटारडं म्हटलं, हे त्याला सहन होत नव्हतं, आणि आपण खोटारडे नाही हे सांगायला तोंड उघडत नव्हतं.

तेव्हा बायांमधून गोमतीबाई पुढे आली. परक्या माणसापुढे तोंडभर घुंगट, पण आवाज खणखणीत.

“साहेब, तुमची माय निजाच्या टायमाले दिवा विझवते का?”

“असं म्हणत नाहीत,” साहेब रागातच म्हणाले. “दिवा वाढव…” आणि ते थांबले. त्यांनी विहिरीकडे पाहिलं, मग खिशातून यादी काढली. चौदा ठिकाणी ‘वाढली’. “म्हणजे या चौदाही?”

“चौदाही,” गोमतीबाई म्हणाली.

“आणि मग हे गढूळ?”

“गढूळ कायचं? गूळ. वाटाचा अन् खायाचा. पानी लागलं का वाटतेत.”

साहेब इंजिनाच्या गाडीच्या दांडीवर बसले, चष्मा काढला आणि डोळे चोळत बराच वेळ आवाज न करता हसत राहिले. मग एकदम गंभीर झाले. “एकोणीस अर्ज आले होते माझ्याकडे,” ते म्हणाले. “अठरा जणांच्या यादीत एकही विहीर गेलेली नाही. सगळ्यांना सगळीकडे पाणी. गेलेल्या विहिरी लिहिणारा तुम्ही एकटेच. पण कलम अकरा आहे. माहिती चुकीची पोचली. प्रमाणपत्र मला ठेवावंच लागेल.”

“ठेवा साहेब,” भाऊसिंग म्हणाला. “पन इंजिन नानीच्या विहिरीवर बसवा. ते गुळाची हाय. चार नंबर.”

साहेबांना ते पटलं. गाडी खाली नाल्याकडे नेली. नानीबाईच्या विहिरीत बारा हातांवर निवळशंख पाणी होतं. सागाच्या दोन तुळया आडव्या टाकल्या, इंजिन उतरवलं. आणि मग साहेबांच्या ध्यानात आलं, की कलम चौदाप्रमाणं सरकारी इंजिनाला प्रमाणपत्र नसलेल्या माणसानं हात लावायचा नाही. प्रमाणपत्र असलेला माणूस त्या भागात एकच होता, आणि तासाभरापूर्वी तोही त्यांनी संपवला होता. चार वाजता अकोल्याचे मोठे साहेब येणार. इंजिन चाललं नाही, तर ते त्याच गाडीनं परत जाणार, हेही पत्रात होतं.

साहेबांनी अठरा कलमांचं पुस्तक काढलं. उभ्यानं वाचलं, बसून वाचलं. शेवटी त्यांचा चेहरा उजळला. कलम सोळा. परीक्षक उमेदवाराची तोंडी परीक्षा कामाच्या जागेवर पुन्हा घेऊ शकेल. उत्तरं स्पष्ट शब्दांत आणि उमेदवाराच्या स्वतःच्या तोंडून हवीत.

“चला, झालं,” साहेब म्हणाले. “भाऊसिंग, एकच प्रश्न. सदतीसपैकी चौदा विहिरींचं काय झालं? एका शब्दात सांगा, मी लिहितो, आणि हा कागद परत तुमचा.”

भाऊसिंगनं विहिरीकडे पाहिलं. मग तो दोन पावलं मागे सरला. “तिकडं दूर, वावराच्या धुऱ्यावर जाऊन सांगतो साहेब.”

“कलमात कामाची जागा म्हटलंय. इथंच.”

“मंग नाई सांगत.”

“अहो, हळू सांगा. माझ्या कानात सांगा.”

“हळू बोललेलंही पानी ऐकते साहेब.” भाऊसिंगनं बायांकडे बोट केलं. “तांड्यात हे एकच पानी हाय. उद्या हे गेलं तं ह्या बाया कुठं जातीन? मले सरटीफिकीट पायजे, साहेब. लई पायजे. खोटं कायले बोलू? पन त्याच्यापायी म्या ह्या विहिरीवर तो शब्द नाई काढणार.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग पुस्तक पाहिलं. पुस्तकात याला कलम नव्हतं. गाडीवान इंजिन परत चढवायचं का, असं खुणेनं विचारू लागला.

नानीबाई काठावरच्या दगडावर बसली होती. सत्तरीची म्हातारी, विहिरीची मालकीण, दातांच्या नावानं एकच सुळा. ती काठी टेकत उठली.

“भाऊसिंग, इकडं पाह्य,” ती म्हणाली. “ह्या विहिरीवर माही सवत अन् म्या तीस वर्सं भांडलो. रोज. पानी भरता भरता. काय काय शब्द ऐकले असतीन ह्या पान्यानं, ते तुह्या बापालेही माहीत नसतीन. त्यानं हे पानी नाई रुसलं. तुह्या एका शब्दानं रुसते?”

बाया ओढणी तोंडात धरून हसायला लागल्या. त्यांतल्या ज्यांनी ती भांडणं ऐकली होती, त्या जास्त हसल्या.

“अन् रुसलं तं म्या पाहून घेईन,” नानीबाई म्हणाली. “विहीर माही हाय. गोमतीचे गुडघे पाह्य आधी. म्हन.”

भाऊसिंगनं गोमतीबाईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिनं फक्त मान हलवली, जरा, होकाराची.

त्यानं पटका काढून हातात घेतला. विहिरीकडे पाठ केली. “चौदा,” तो म्हणाला. मग घसा साफ केला. मग पुन्हा म्हणाला, “चौदा कोरड्या, साहेब.”

आणि तिथंच तो पटक्यात तोंड घालून रडला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, तांड्यादेखत रडला, आणि कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. साहेबांनी तो शब्द लिहिला, खाली सही केली आणि प्रमाणपत्र त्याच्या खिशात स्वतःच्या हातानं घातलं. वर्ग पहिला तसाच ठेवला.

मग मात्र भाऊसिंग कामाला लागला, ते साहेबांनाही बाजूला हो म्हणण्याइतका. सोबत चार गडी. नळ्या जोडल्या, पट्टा चढवला. नळीच्या खालच्या टोकाला पाणी अडवून धरणारी झडप असते, तिला इकडे सगळे ‘फुटबॉल’ म्हणतात. ती त्यानं दोनदा तपासली, पंपाला तांब्यांनी पाणी पाजलं. चारला पाच कमी असताना त्यानं हँडल मारलं. इंजिन खोकलं, धूर सोडला आणि धडधडायला लागलं. नळीतून आधी वारा आला, मग मनगटाएवढी पाण्याची धार आली. मोठे साहेब जीपमधून उतरले तेव्हा अख्खा तांडा भिजलेला होता. त्यांनी अठरा कलमांच्या उपयुक्ततेवर पाऊण तास भाषण केलं. ते इंजिनाच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही, त्यामुळे टाळ्या भरपूर पडल्या. चढावर नळ्या टाकायला पुढं आठ दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नानीबाई खाली आली, तर विहिरीच्या काठावर भाऊसिंग उकिडवा बसलेला. हातात गाठी मारलेली सुतळी, सुतळीच्या टोकाला दगड. दगड पाण्याला टेकवून तो गाठी मोजत होता. बारा हात. काल होतं तेवढंच. पुन्हा सोडली, पुन्हा मोजली. मग त्यानं सुतळी गुंडाळली, दोन्ही हात जोडले आणि आपल्या तांड्याच्या बोलीत आईला म्हणतात तशी हाक मारून, खाली पाण्याशी वाकून, हळूच म्हणाला, “याडी, राग नको धरू. सरकारनं म्हनाले लावलं.”

“कोनाशी बोलून राह्यला रे?” मागून नानीबाईनं विचारलं.

भाऊसिंग दचकून उठला आणि खिशातल्या कागदावर हात ठेवला. “काही नाई नानी. तपासनी हाय. सरकारी काम.”

नानीबाईनं पदरानं काठावरचा दगड पुसला, त्याला बसायला जागा केली आणि स्वतः शेजारी बसली. दोघं खाली पाण्याकडे बघत राहिले. त्यानंतर ती तपासणी त्यानं एकही दिवस चुकवली नाही.